चौतिसावा मजला

आधी आकडा सांगते: ३३,१२८ रुपये. तीन वेळा मिळून गेले, आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला. मी कराडला एका पतसंस्थेत हिशेब बघते, एकोणीस वर्षं झाली. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला 'ओटीपी कुणाला सांगू नका' असं बजावणारी बाई ती मीच. माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आई-दादांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. दादा १९७२ साली गावाकडून मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, बदली कामगार म्हणून लागले. लग्नानंतर आई गावाला आणि ते मुंबईत. दहा बाय बाराच्या खोलीत अठरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या पुष्कळांसारखे दादाही गावाकडे परतले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. दादा गमतीनं म्हणतात, ''मी अजून संपावरच हाय.''

त्यांच्या गिरण्यांच्या जागांवर आता टॉवर आहेत, मॉल आहेत, हॉटेलं आहेत. माझ्या डोक्यात आलं की त्या दोघांना लोअर परळच्या एखाद्या उंच हॉटेलात एक रात्र ठेवायचं. खाली राबलेल्या माणसानं एकदा वरून बघावं. कल्पना मला फारच आवडली, आणि तिथंच माझं अर्ध डोकं बंद पडलं.

हॉटेल खरं होतं, हे आधी लक्षात घ्या. नाव मोठं, इमारत खरी. मी फोनवर हॉटेलचं नाव टाकून पुढे 'बुकिंग नंबर' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर टिचकी मारली. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, ते नंतर दिसलं. पत्त्यात हॉटेलच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक जादा शब्द होता, तोही नंतरच दिसला. साइट देखणी होती. काचेची भिंत, पांढरी गादी, बाहेर संध्याकाळचा समुद्र आणि त्याला वळसा घालून गेलेली दिव्यांची रांग.

फोन उचलणारा माणूस इतका अदबीनं बोलला की आमच्या शाखाधिकाऱ्यानं त्याच्याकडे शिकवणी लावावी. थोडं मराठी, थोडं हिंदी. मागे हळू संगीत आणि दुसऱ्या कुणाचं 'गुड आफ्टरनून, रिझर्व्हेशन्स' चाललेलं. त्यानं विचारलं, ''काही खास प्रसंग आहे का मॅडम?'' मी भडाभडा सगळं सांगितलं. गिरणी, पन्नास वर्षं, सगळं. त्याला काही शोधावं लागलंच नाही, हत्यार मीच हातात दिलं. तो म्हणाला, ''मग काकांना चौतिसाव्या मजल्यावरची पॅनोरमिक कॉर्नर रूम देऊ. दोन बाजूंनी काच. केक आमच्याकडून.''

दर एका खोलीला ९,८०० रुपये. दुसऱ्या बुकिंग अ‍ॅपवर त्याच हॉटेलचा दर १६,००० च्या पुढे होता. मी विचारलंसुद्धा. ''अ‍ॅपवाले कमिशन घेतात मॅडम, थेट बुकिंगला ते वाचतं.'' हे अर्धं खरं असतं, म्हणूनच पटतं. आणि फोन ठेवण्याआधी हा गृहस्थ मला म्हणाला, ''एक विनंती, ओटीपी कोणालाच सांगू नका, आमच्या नावानं फोन आला तरी.'' त्या वाक्यावर मी पूर्ण विरघळले.

दोन खोल्यांचे १९,६०० पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा एंटरप्रायझेसचं आलं. विचारलं तर म्हणे बिलिंग एजन्सी. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कन्फर्मेशनची पीडीएफ आली: हॉटेलचं बोधचिन्ह, खोली क्रमांक ३४१७ आणि ३४१८, खाली जीएसटी क्रमांक. दुसऱ्या दिवशी फोन आला की साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के कर लागतो, तो वेगळा जमा करावा लागतो, ३,५२८. नियम खरा, आकडा बरोबर. मी कॅल्क्युलेटरवर तपासून पाहिला आणि समाधानानं पैसे भरले. हिशेब जुळला म्हणजे व्यवहार खरा, ही आमच्या धंद्यातली खोड.

हिशेबातल्या माणसाला न शोभणारी गोष्ट आता सांगते. त्या पीडीएफवरचा जीएसटी क्रमांक ०७ नं सुरू होत होता. पंधरा अक्षर-अंकांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन अंक म्हणजे राज्य. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. मी रोज असे क्रमांक बघते, २७, २७, २७. लोअर परळच्या हॉटेलच्या बिलावर ०७ कसा, हे मला पहिल्या नजरेत खटकायला हवं होतं. मी बघत होते ते खोलीच्या क्रमांकाकडे.

दादांना मात्र खटकलं, तेही फोटोवरून. सरप्राइज माझ्याच्यानं पोटात राहिलं नाही आणि मी त्यांना साइटवरचा तो समुद्राचा फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून त्यांनी मोबाइल लांब धरला.

''ह्यो तर राणीचा हार हाय.''

''हो ना दादा, मरीन ड्राइव्हचे दिवे. खिडकीतून दिसणार.''

''लोअर परळातनं? आगं, मधी मलबार हिल हाय की. आनि एवढ्या जवळनं दिसाया नरिमन पॉइंटला तरी बसाय पायजे.''

मी म्हणाले, ''दादा, चौतिसावा मजला आहे. तुमच्या वेळी कुठे होते एवढे मजले?'' आई म्हणाली, ''अहो, ती हौसेनं करतीय तर काय खुसपट काढताय!'' दादा गप्प बसले. ज्या माणसानं ते शहर दहा वर्षं पायी तुडवलं, त्याला भूगोल मी शिकवला.

कोयना एक्स्प्रेसनं निघालो. सातारा स्टेशन गेलं आणि फोन आला: आज चेक-इन आहे, वरच्या मजल्यांसाठी १०,००० अनामत लागते, निघताना लगेच परत, दुपारपर्यंत जमा नाही झाली तर सिस्टिम बुकिंग आपोआप रद्द करते. गाडीत रेंज येत-जात होती. मी डब्याच्या दारात उभी राहून रेंज पकडली आणि पैसे पाठवले. पैसे गेल्याचा आवाज आला तेव्हा मला चक्क हुश्श वाटलं.

दादरला उतरून टॅक्सी केली. लॉबीत पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. आईनं ठेवणीतली इरकल नेसली होती, दादांच्या हातात खाऊची पिशवी. काउंटरवरच्या मुलीनं पीडीएफ पाहिली आणि तिचा चेहरा जरा बदलला. तिनं कीबोर्डला हात लावायच्या आधीच मला कळलं. असे लोक तिच्याकडे आधीही आलेले होते. तिनं मॅनेजरला बोलावलं. त्यांनी आम्हाला बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं की या नावाचं बुकिंग नाही, हा क्रमांक आमचा नाही, पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. मी आवाज चढवला. आता त्याची लाज वाटते, कारण ते खरं बोलत होते. त्या रात्रीचा खरा दर आमच्या आवाक्याबाहेरचा होता.

मॅनेजरनीच सांगितलं, आधी १९३० ला फोन करा, रडणं नंतर. (त्यांचे शब्द जरा सौम्य होते.) ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथं विचारतात ते हाताशी ठेवा: कुठल्या बँकेतून पैसे गेले, किती, किती वाजता, समोरचा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. हा क्रमांक पेमेंट अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की सापडतो. मला तो सापडेना, मला! त्या काउंटरवरच्या मुलीनं शोधून दिला. तक्रार नोंदल्याचा क्रमांक मेसेजनं आला. पुढची सविस्तर तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर भरायची असते, ती मी नंतर लॉजवर बसून भरली.

पहिले दोन्ही व्यवहार तीन-चार दिवसांपूर्वीचे होते. ते पैसे कधीच पुढच्या खात्यांत आणि तिथून बाहेर गेले होते. सकाळच्या दहा हजारांपैकी ४,३०० एका खात्यात सापडले आणि गोठवले गेले. गोठवले म्हणजे हातात आले असं नव्हे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा मला पोलिसांनी सांगितलं. बँकेकडून भरपाईची आशा नव्हतीच, ते मलाच ठाऊक होतं. तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले तर वेळेत कळवल्यावर नियम तुमच्या बाजूनं उभे राहतात. स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांची गोष्ट वेगळी. गाडीतून पाठवल्यावर तासाभरात शंका आली असती तर कदाचित दहाचे दहा वाचले असते. पण शंका यायला हवी होती ती चार दिवस आधी, दादांना आली तेव्हा.

निघताना मॅनेजर दादांना म्हणाले, ''काका, वरून बघून तरी जा.'' त्यांनी स्वतःचं कार्ड लावून लिफ्ट उघडली. आत पितळी पट्टीवर बटणं होती. आई आकडे वाचत वर गेली आणि शेवटच्या बटणापाशी तिचं बोट थांबलं. एकोणतीस. त्याच्यावर नुसती पट्टी. चौतिसावा मजला त्या इमारतीला नव्हताच. एवढं तर हॉटेलच्या खऱ्या नंबरावर एक फोन केला असता तरी कळलं असतं.

वर कॉरिडॉरच्या टोकाला पूर्वेकडची खिडकी होती. राणीचा हार अर्थातच नव्हता. दादांनी काचेला कपाळ टेकवलं. आधी त्यांना काहीच उमजेना, दिवेच दिवे. मग लालबागचा उड्डाणपूल सापडला. ''त्याच्या बुडाला भारतमाता टाकी,'' असं म्हणून ते त्या सिनेमागृहापासून बोटानं चालत चालत आपल्या गिरणीकडे निघाले आणि एका टॉवरला अडले. पलीकडे शिवडीच्या बाजूला पाण्यात दिव्यांची एक लांब रेघ दिसत होती. ''आनि त्ये काय?'' मॅनेजर म्हणाले, अटल सेतू, यंदाच सुरू झाला, जवळपास बावीस किलोमीटर. ''समुद्रात?'' दादा म्हणाले आणि आईला पुढे ओढलं, ''ह्ये बघ.''

मॅनेजरांनी जाता जाता अजून एक सांगितलं, आणि ते खऱ्या बुकिंगलाही लागू आहे. 'पॅनोरमिक' या शब्दाला काही माप नसतं. फोटो बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या, सगळ्यात महागड्या खोलीतला असतो. 'पार्शियल सी व्ह्यू' म्हणजे मान वाकडी केल्यावर दोन इमारतींच्या फटीतून समुद्र. त्यामुळे मजला कितवा, खिडकी पूर्वेला की पश्चिमेला, हे ईमेलवर लिहून मागावं. हॉटेलच्या अधिकृत पत्त्यावरून येणाऱ्या ईमेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. आणि मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुरकटातून बऱ्याचदा समोरचा टॉवरसुद्धा नीट दिसत नाही, हेही धरून चालावं.

रात्र दादरच्या एका लॉजवर काढली. तिसरा मजला. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत आणि ड्रेनेजचा पाइप. आई हसत सुटली ती थांबेचना. केक स्टेशनजवळच्या दुकानातून आणला.

तीन आठवड्यांनी मला फोन आला. ''सायबर सेलमधून बोलतोय, तुमची ३३,१२८ ची केस आमच्याकडे आहे, रक्कम वसूल झालीय, प्रोसेसिंगचे २,४९९ भरले की आजच जमा होईल.'' आकडा पैशापर्यंत बरोबर. पहिल्या टोळीनंच यादी पुढे विकली असणार, किंवा हे तेच असतील. एकदा फसलेल्या माणसाकडे लोक दुसऱ्यांदा येतात, हे पोलिसांनी आधीच सांगितलं होतं. तरी, खोटं कशाला बोलू, 'आजच जमा' ऐकून क्षणभर मन हललं. मी स्पीकर लावला. दादा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला.

''सायेब, हापिस कुठं आलं म्हनायचं तुमचं?''

''मुंबई, काका. वरळी.''

''कितव्या मजल्यावर?''

''बारावा.''

''मग जरा खिडकीपाशी जावा,'' दादा म्हणाले, ''आनि काय काय दिसतंय त्ये सांगा.''

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग फोन कट झाला.