पायाची बधिरता तपासणारा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट

एक मूठ आणि तिच्या टोकाला काटकोनात बसवलेला नायलॉनचा तंतू, बस्स. ना बॅटरी, ना स्क्रीन. तरी मधुमेह्यांचे पाय तपासायला दवाखान्यात एकच वस्तू घ्यायची झाली, तर हीच घ्यावी. दाब १० ग्रॅमवर पोचला की तंतू वाकतो. मग तपासणाऱ्याचा हात जड असला तरी दाब फारसा वाढत नाही. मुठीवर ५.०७ हा आकडा बघून घ्या. ते ग्रॅम नव्हेत, दाबावरून काढलेलं लॉगरिदम आहे.

तंतू त्वचेला लागतो, पण 'लागलं' हे मेंदू ठरवतो. पायाचा संदेश मज्जारज्जू आणि थॅलॅमस या मेंदूतल्या खोलवरच्या केंद्रातून वर जातो, आणि निवाडा करताना मेंदू नजर आणि अपेक्षाही जमेस धरतो. डोळे उघडे असले की बघूनच 'हो' येतो. एका लयीत टेकवत गेलात, तर न टेकवताही 'हो' येतो.

म्हणून आधी रुग्णाच्या हातावर किंवा कपाळावर लावून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळतं. मग डोळे मिटायला सांगा. अंगठ्याचा तळभाग, चवड्यावर पहिल्या आणि पाचव्या बोटाचं मूळ या जागा घ्या. टेकवा, वाकू द्या, उचला; सगळं मिळून साधारण २ सेकंद. घासू नका, घासल्याने जास्त संवेदक जागे होतात आणि बधिर पायही पास होतो. प्रत्येक जागी तीनदा विचारा, त्यात एकदा तंतू लावूच नका. 'लागतंय का?' आणि 'कुठे?' तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजेपासून सावध करणारी जाणीव, शाबूत आहे. घट्टा, जखम, व्रण टाळा.

नायलॉन थकतो, हा याचा खरा दोष. १०-१५ रुग्णांनंतर त्याला २४ तास विश्रांती लागते, म्हणून दोन घ्या. ७० ते ९० रुग्ण झाले की बदला. मुडपलेला तर लगेच फेका. दमट हवेतही तो मऊ पडून कमी दाबाला वाकतो आणि चांगला पाय बधिर ठरतो. कोकणातल्या पावसाळ्यात कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

तळपायाची आग होणारा रुग्ण मात्र सगळी उत्तरं बरोबर देऊ शकतो. आग आणि गरम-थंड या बारीक नसांच्या गोष्टी, हा तंतू जाड नसांचा स्पर्श तपासतो. कंपनासाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क सोबत हवाच.

हातांसाठी, विशेषतः कुष्ठरोगात, हा एकटा तंतू घेऊ नका. निरोगी बोटाला २.८३ चा बारीक हिरवा तंतूही कळतो. १० ग्रॅम कळेनासे होईपर्यंत नस बरीच गेलेली असते. तिथे वेगवेगळ्या जाडीच्या तंतूंचा, रंगीत मुठींचा पूर्ण संचच लागतो.