दुर्मिळ झाडं मोजायला ड्रोन की पायपीट?

ठाण्यातला आमचा ग्रुप पावसाळ्यात झाडं मोजतो, परवा एका मैत्रिणीने विचारलं की पैसे जमवून ड्रोनच घेऊया का.

आधी दिसतं काय ते बघा. कंदीलपुष्पाचा वेल दोऱ्याएवढा, गवतात गुंडाळलेला, फूल हिरवट, गुडघे टेकून गवत बाजूला केल्याशिवाय मला तरी सापडत नाही, मग वरून काय दिसणार? ठाण्यालगतच्या येऊरच्या दाट झाडीत तर कॅमेऱ्याला नुसते शेंडेच. पण कडा असेल तर गणित उलटं. शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर वाढते, तिथे माणूस दोर लावून किती जाणार? हवाईच्या काउआई बेटावर २०१९ मध्ये ड्रोननेच कड्यावर हिबिस्काडेल्फस वुडी हे जास्वंदीच्या कुळातलं झाड शोधलं, जे नामशेष झालं असं धरून चालले होते!

खर्च म्हणाल तर चालायला बूट, वही, मोबाईल बास. ड्रोनला बॅटऱ्या, ट्रेनिंग, शिवाय भर पावसात उडवता येत नाही आणि फुलं नेमकी तेव्हाच.

गवत-जंगल असेल तर पायीच जा. कडे असतील तर ड्रोन, तोही चालवणाऱ्यासकट भाड्याने, आणि दरवर्षी त्याच महिन्यात तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा, नाहीतर आकडे जुळवता येणार नाहीत.