मोरचूद, बोअरचं पाणी आणि मायक्रॉन: ब्लोअरला, ट्रॉलीला, बोल्टला कोणतं कोटिंग?

सांगलीजवळ कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत फॅब्रिकेशनची छोटी शेड असेल, तर अधूनमधून कुणीतरी नवं कोटिंग विकायला येतंच. नॅनो सिरॅमिक, झिंक फ्लेक, लेझर क्लीनिंग. कॅटलॉग कुठलाही असो, एक आकडा ठळक छापलेला असतो: सॉल्ट स्प्रेचे तास. पाचशे, सातशेवीस, हजार.

आकडा खोटा नसतो, पण आपल्या कामाचा किती ते बघायला हवं. ही चाचणी १९३९ पासून प्रमाणित आहे. बंद पेटीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडत राहायचं आणि गंज कधी दिसतो ते बघायचं. एकाच कोटिंगच्या दोन लॉटची तुलना करायला ती चांगली. पण तासांना कशाने तरी गुणून ‘इतकी वर्षं टिकेल’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. सांगलीत समुद्र नाही. इथे लोखंडाच्या मागे लागतात ते मोरचूद (कॉपर सल्फेट), गंधक, खतं, आणि मधूनच येणारी कृष्णामाई.

म्हणून खालची तुलना तासांवर नाही. माल कुठे जाणार, त्यावर आहे.

ब्लोअरची चेसी: पावडर की गॅल्वनायझिंग?

द्राक्षबागेत फवारणी करणारा ट्रॅक्टर-ब्लोअर बनवणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. तुलना सरळ वाटते. गॅल्वनायझिंगमध्ये माल साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडतो. आयएसओ १४६१ प्रमाणे ६ मिमीच्या वर जाडी असेल तर सरासरी ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ३ ते ६ मिमीला ७०, त्याखाली दीड मिमीपर्यंत ५५ मायक्रॉन जस्त बसायला हवं. मध्यम हवेत वर्षाला जास्तीत जास्त दोन मायक्रॉनच्या आसपास जस्त झिजतं, म्हणजे आयुष्याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड गनने मारून भट्टीत भाजणं. तिचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा. एकदा फुटला की खालून गंज सरकत जातो आणि पोपडे धरतात.

यावरून गॅल्वनायझिंगच जिंकायला हवं. मोरचूद मध्ये आलं की गणित फिरतं.

बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, तयार झालं की जुने बागायतदार त्यात घासलेला विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर धरला की चुना कमी पडला, अजून घालायचा. तो थर म्हणजे थोडं लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेलं तांबं. विळ्यावर जे होतं तेच चेसीवर होतं, आणि जस्तावर त्याहून जोरात, कारण जस्त लोखंडापेक्षाही चटकन विरघळतं. बसलेला तांब्याचा कण मग शेजारचं जस्त खात राहतो. बोर्डो जस्ती बादलीत करू नका, प्लॅस्टिकच्या पिंपात करा, असं सांगतात ते याचसाठी. चुना बरोबर पडलेलं मिश्रण एवढं चावत नाही, पण दरवेळी चुना बरोबर पडतो या भरवशावर चेसीची वॉरंटी देऊ नये.

म्हणून पंख्याच्या घेराखाली, नोझलच्या कडीभोवती, टाकीच्या बैठकीत, जिथे फवारा थेट बसतो किंवा साचून राहतो, तिथे उघडं जस्त नको. तिथे मी शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), त्यावर इपॉक्सी पावडरचा प्रायमर आणि वर पॉलिस्टर पावडर असे दोन थर सुचवेन. इपॉक्सी रसायनाला चिवट, पण उन्हात खडूसारखी पांढरी पडते. पॉलिस्टर ऊन सोसते. एकीचं उणं दुसरी भरून काढते. बिजागऱ्या, क्लॅम्प, नोझलचे ब्रॅकेट असल्या बारीक वस्तू सरळ स्टेनलेसच्या कराव्यात. त्यांच्यावर कोटिंगचा खर्च करून वाचत काहीच नाही.

ट्रॉली, पाण्याच्या टँकरची चेसी, मांडवाचे अँगल, शेडचे खांब यांना मात्र गॅल्वनायझिंगच. मांडवावर बोर्डो उडतं हे खरं, पण तो थर पातळ आणि लवकर वाळणारा. अँगलवर जस्तही जाड असतं.

दराचं गणितही इथेच बसवून घ्या. गॅल्वनायझिंग किलोवर, पावडर बहुधा चौरस फुटावर. ३ मिमी पत्र्याच्या एका टनाला दोन्ही बाजू मिळून सुमारे ९१५ चौरस फूट क्षेत्र भरतं, १० मिमीच्या एका टनाला जेमतेम २७५. जाड मालाला पावडर स्वस्त पडते, पातळ मालाला गॅल्वनायझिंग स्वस्त दिसतं. पण पातळ पत्रा बाथमध्ये पिळवटतो. दीड-दोन मिमीचं गार्ड गॅल्वनायझिंगला पाठवलं, तर परत आल्यावर भोकं जुळतील याची खात्री नाही.

आणि पाइप. दोन्ही टोकांना बंद वेल्ड केलेला पाइप ४५० अंशांच्या बाथमध्ये गेला, तर आतली हवा आणि ओल फुगून स्फोट होतो. भोकं ड्रॉइंगवरच दाखवा, वेल्डरच्या आठवणीवर सोडू नका. ती भोकं पुढेही उपयोगी पडतात, कारण जस्त किंवा रंग त्यांतूनच आत शिरतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलेल्या यंत्रांच्या पोकळ पाइपांत गाळ शिरला. पावडर गनचा थर फक्त बाहेरून बसतो, पाइपाच्या आतलं लोखंड उघडंच राहतं. आत पोहोचतं ते जस्त, किंवा सीईडी (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन). फोर्डमध्ये १९६० च्या दशकात गाड्यांसाठी पुढे आलेल्या बुडवून रंगवण्याच्या विद्युत पद्धतीचं हे आजचं रूप. त्यात माल रंगाच्या टाकीत बुडवून करंट देतात. १५ ते २५ मायक्रॉनचा सारखा थर कानाकोपऱ्यांत बसतो. नदीकाठच्या गावांत माल जात असेल तर सीईडीवर पॉलिस्टर पावडर ही जोडी फार चांगली. अडचण एवढीच की टाकी मोठी लागते, त्यामुळे हे काम जॉबवर्कवाल्याकडेच, आणि तो चार नगांसाठी हँगर लावत नाही.

सेव्हन टँक की नॅनो सिरॅमिक?

पावडर निघाली की दोष पावडरला देतात. बहुतेक वेळा भानगड खाली, पावडरीआधीच्या तयारीत असते.

आपल्याकडे रुळलेली सेव्हन टँक पद्धत म्हणजे डीग्रीजिंग, धुणं, ॲसिडने गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, धुणं, पॅसिव्हेशन. टाक्यांचा क्रम जागोजाग थोडा बदलतो. झिंक फॉस्फेटची टाकी ५० अंशांच्या आसपास गरम ठेवावी लागते आणि तळाशी गाळ साचतो. तो गाळ काढणं, वाळवणं आणि नियमाने विल्हेवाट लावणं ही कायमची डोकेदुखी.

नवी झिर्कोनियमची पद्धत, म्हणजे बाजारातलं ‘नॅनो सिरॅमिक’, इथे खरोखर पुढे आहे. टाकी गरम करावी लागत नाही, फॉस्फेट नाही, गाळ अगदी थोडा. थर मायक्रॉनचा नाही, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ. गॅस आणि विजेचं बिल कमी होतं, हे विक्रेत्याचं म्हणणं बरोबर आहे.

पण दोन गोष्टी तो शेवटी सांगतो, कधीकधी सांगतच नाही. पहिली पाण्याची. थर इतका पातळ की धुण्याच्या पाण्यातले क्षार त्याला लगेच नडतात. बोअरच्या जड पाण्यावर ही लाइन चालवायची म्हणजे क्षार काढणारा आरओ किंवा डीआय प्लांट आलाच. वाचलेल्या गॅसमधून त्याची किंमत वजा करा, मग बोला.

दुसरी गंजाची. जाड फॉस्फेट थोडंफार उणं झाकून नेतं, हा थर काहीच झाकत नाही. उघड्यावर पावसात पडलेला हॉट रोल्ड माल सरळ या लाइनवर टाकला की पैसे गेले. लेझर कटिंगची कड तर खास बघा. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साईडची निळसर-काळी पापडी राहते. पावडर त्या पापडीला चिकटते, पापडी लोखंडाला नीट चिकटलेली नसते, आणि हंगामभरात कडेने सालपट निघतं. नायट्रोजनवर कापून घ्या किंवा कड घासून घ्या. नायट्रोजनचं कटिंग महाग पडतं, तरी तक्रारीवर माणूस पाठवण्यापेक्षा स्वस्त.

माझं मत: कोल्ड रोल्ड पत्र्याचे पॅनल, कपाटं, कंट्रोल बॉक्स असं एकसारखं काम रोज निघत असेल, तर नॅनोकडे जा. आज ट्रॉली, उद्या गेट, परवा ब्लोअर अशी सरमिसळ असेल, तर शॉट ब्लास्टिंग आणि झिंक फॉस्फेट सोडू नका.

लेझर क्लीनिंग बघायला भारी

व्हिडिओत गंज धुरासारखा उडून जातो. ग्रिट नाही, धूळ कमी, पाणी नाही. साचे स्वच्छ करायला, वेल्डिंगच्या आधी चार इंच जागा साफ करायला, महागड्या मशीन केलेल्या पार्टवरचा गंज काढायला याला तोड नाही.

चेसी साफ करायला मात्र नको. क्षेत्र मोठं झालं की वेग पुरत नाही. शॉट ब्लास्टिंगने पृष्ठभागावर जी खरबरीत पकड येते, ती लेझरने सहसा तशी येत नाही, आणि जाड थर बसवायचा तर ती पकडच हवी. शिवाय ही किरणं डोळ्यांना दिसत नाहीत. त्या तरंगलांबीचा खास चष्मा आणि आडोसा केलेली खोली नसेल, तर हेल्परच्या हातात ती गन देऊ नये. वेल्डिंगची काच इथे चालत नाही.

बोल्ट, पिना आणि साताऱ्याकडचं काम

सातारा एमआयडीसीत वाहन उद्योगाचे पार्ट करणाऱ्यांना निवड कमी असते, कारण कोटिंग ड्रॉइंगवर छापूनच येतं. पण स्वतःच्या मालासाठी बोल्ट घेताना ही तुलना उपयोगी.

साधं झिंक प्लेटिंग ५ ते १२ मायक्रॉन. स्वस्त, चकचकीत, सगळीकडे मिळतं. पिवळ्या छटेचं जुनं पॅसिव्हेशन (प्लेटिंगवरचा संरक्षक थर) हेक्साव्हॅलंट क्रोमचं. ते कर्करोगकारक, आणि युरोपात वाहनांसाठी २००७ पासून त्यावर बंदी आहे. आता ट्रायव्हॅलंट क्रोमचं मागा. त्यातही पिवळं मिळतं, म्हणून नुसत्या रंगावरून ओळखू नका, सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते बघा.

खरा धोका वेगळाच. १०.९ आणि त्यावरच्या ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टमध्ये प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. बोल्ट आवळताना काही होत नाही, तासांनी किंवा दिवसांनी डोकं तुटून पडतं. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत घालून २०० अंशांच्या आसपास कित्येक तास बेक करणं हा उपाय, आणि घाईत गाळली जाणारी पायरीही हीच.

झिंक फ्लेक इथे पैसे वसूल करून देतं. करंट नाही, म्हणून कोटिंग करताना हायड्रोजन नाही. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या द्रावणात बोल्ट बुडवायचे, टोपलीत फिरवून जादा द्रावण झटकायचं, मग भट्टीत भाजायचं. ८ ते १२ मायक्रॉनमध्ये सॉल्ट स्प्रेचे ७२० तास आणि पुढे सहज. दिसायला राखाडी, मंद. गिऱ्हाईक म्हणतं चमक नाही. त्याला चमक हवी असेल तर ग्रेड ८.८ पर्यंत झिंक प्लेटिंग द्या, त्यावर मात्र फ्लेकच. आवळताना टॉर्क बदलतो एवढं लक्षात ठेवा, कारण घर्षण वेगळं असतं. फार बारीक आटे किंवा ॲलन बोल्टची खाच असेल तर द्रावण साचतं, तिथे झिंक-निकेल बरं. त्यात १२ ते १५ टक्के निकेल असतं आणि टिकाऊपणा फ्लेकच्या पंगतीतला. पण ते करंटवर चालतं, म्हणजे मोठ्या ग्रेडला बेकिंग आलंच.

हायड्रॉलिक रॉडच्या हार्ड क्रोमऐवजी एचव्हीओएफने (जळत्या वायूच्या अतिवेगवान झोताने) टंगस्टन कार्बाइड फवारणं हा गाजलेला पर्याय. विमानांच्या लँडिंग गिअरवर तो रुळलाय. ट्रॉलीच्या जॅकसाठी एवढा खर्च परवडत नाही. क्रोम नकोच असेल तर साधारण ५७० अंशांवरच्या नायट्रायडिंगची चौकशी करा. त्याने रॉडवर वेगळा थर चढत नाही, वरची कातडीच कठीण होते.

स्वतःची लाइन टाकावी का?

पावडरचा बूथ आणि ओव्हन, हो, काम रोजचं असेल तर. प्लेटिंगची टाकी, नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत इलेक्ट्रोप्लेटिंग लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या गटात मोडतं. ट्रायव्हॅलंट केलं म्हणून संमती आणि सांडपाण्याचा प्लांट चुकत नाही. नव्या लो-बेक पावडरी १५०-१६० अंशांवर शिजतात, नेहमीच्या १८०-२०० वर. पातळ मालाला वेळ वाचतो. जाड चेसीला मात्र ओव्हनच्या आकड्यावर जाऊ नका. हवा २०० वर असली तरी १० मिमी प्लेट १४० वरच असू शकते, आणि पावडर कच्ची राहते. मोजायचं ते धातूचं तापमान.

जॉबवर्कला देत असाल तर चलनावर ‘पावडर कोटिंग, काळा’ एवढंच लिहून चालणार नाही. खाली शॉट ब्लास्टिंग की फॉस्फेट, पावडर इपॉक्सी की पॉलिस्टर, किमान मायक्रॉन किती आणि कुठे मोजायचे, तेही लिहा. आतल्या कोपऱ्यात मोजा, कारण गनची पावडर तिथे शिरायला कुचराई करते आणि सपाट भागावरचा ८० चा आकडा तिथे ३० वर येतो. प्रत्येक लॉटबरोबर त्याच पत्र्याचा एक तुकडा टांगायला सांगा. माल आला की त्यावर ब्लेडने चौकडी मारायची, टेप दाबून ओढायची, मग चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून घासायची. टेपला चौकोन आले तर खालची तयारी कच्ची, चिंधीला भरपूर रंग आला तर भाजणी कच्ची. बिल पास करायच्या आधी हे उरकून घ्या.