कोल्ड फ्रेमचं झाकण: ग्रीनहाऊस फिल्म घ्यावी की पॉलिकार्बोनेट?

न्यू जर्सीच्या थंडीत घरचा पालक आणि कोथिंबीर हवी असेल, तर कोल्ड फ्रेमइतका स्वस्त उपाय नाही. कोल्ड फ्रेम म्हणजे वाफ्यावर ठेवलेली, पारदर्शक झाकणाची बिनबुडाची लाकडी पेटी, मागून दीड फूट, पुढून एक फूट, उतार दक्षिणेकडे. पेटी कुणालाही ठोकता येते, घोडं अडतं ते झाकणापाशी.

काच मी विचारातच घेत नाही. ३ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेसात किलो भरतं, शिवाय अंगणात मुलं खेळत असतात. ॲक्रिलिक थंडीत स्क्रूच्या भोकापासून तडकतं. उरतात दोन पर्याय.

पहिला, ६ मिल म्हणजे १५० मायक्रॉनची ग्रीनहाऊस फिल्म. हार्डवेअरच्या दुकानातलं बांधकामाचं प्लास्टिक दिसायला अगदी असंच असतं, पण उन्हाने ते साधारण वर्षभरात फाटायला लागतं. यूव्ही प्रक्रिया केलेली फिल्म चारेक वर्षं टिकते. एकच थर लावला तर रात्रीची ऊब फारशी राहत नाही, म्हणून चौकटीच्या वरून आणि खालून असे दोन थर ताणून बसवावेत, मधल्या हवेचा खरा उपयोग होतो. नुसत्या स्टेपलवर विसंबू नका. वारा फिल्मला तिथूनच फाडतो. स्टेपलवरून लाकडी पट्टी स्क्रूने आवळली की ताण सगळीकडे सारखा बसतो. मध्ये एक आडवी दांडीही हवी, नाहीतर पावसाचं पाणी आणि बर्फ साचून झोळी होते.

दुसरा, ६ मिलिमीटरचं दुपदरी पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. दोन पदरांमध्ये उभ्या नळ्या असतात, त्यामुळे हवेची पोकळी त्यात मुळातच असते. महाग आहे, पण बहुतेक कंपन्या दहा वर्षांची हमी देतात. बसवताना मात्र काळजी घ्या: नळ्या उताराच्या दिशेने, यूव्हीचा थर असलेली बाजू वर. वरची कड ॲल्युमिनियम टेपने बंद करा आणि खालच्या कडेला बारीक छिद्रांची टेप लावा, म्हणजे आत जमलेलं पाणी निथळतं आणि शेवाळ धरत नाही. उन्हात पत्रा प्रसरण पावतो, त्यामुळे भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावीत.

फिल्ममधून उजेड जास्त येतो, असं म्हणतात. एका थराबाबत ते खरं आहे, सुमारे ९० टक्के. दोन थर लावले की तो ८० टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि दुपदरी पॉलिकार्बोनेटमधूनही साधारण तेवढाच येतो. वजनाचंही तसंच. फिल्म हलकी खरी, पण ती ताणून धरायला जाड चौकट लागते. पॉलिकार्बोनेट चौरस मीटरला सुमारे १.३ किलो, आणि स्वतःच ताठ असल्यामुळे त्याला बारीक चौकट पुरते.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते झाकण सहज उघडणं. कोल्ड फ्रेममध्ये रोपं गारठून मरतात त्यापेक्षा जास्त उकडून मरतात. बाहेर पाणी गोठत असताना लख्ख ऊन पडलं, तर आत ८० फॅरेनहाइटच्या वर तापमान सहज जातं. बाहेर ४० च्या वर गेलं की झाकण उचलायलाच हवं. म्हणून पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या लावा: हिवाळाभर काठीच्या टेकूवर उघडझाप करता येते आणि एप्रिलमध्ये पिना ओढून अख्खं झाकण गराजमध्ये ठेवता येतं. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना कड्या हव्यात, वारा दोन्ही प्रकारची झाकणं उडवतो. दिवसभर ऑफिसात असाल, तर मेणाच्या नळकांड्यावर चालणारा उघडयंत्राचा दांडा घ्या; उष्णतेने मेण फुगलं की तो झाकण आपोआप उचलतो. पण ठरावीक वजनच, तेव्हा आधी झाकणाचं वजन करून बघा.

भाड्याचं घर असेल किंवा पहिलाच हिवाळा असेल, तर मी फिल्मच सुचवेन. फाटली तर तासाभरात बदलता येते. स्वतःचं घर, पेटीची जागा पक्की आणि बर्फ भरपूर, तर पॉलिकार्बोनेटचे पैसे वसूल होतात. मिनेसोटासारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी यातलं कुठलंच एकटं पुरत नाही, आत पिकावर ॲग्रो-कापड, म्हणजे थंडीपासून जपणारं पातळ, हलकं कापड, पांघरावं लागतं.

झाकण ऑक्टोबरात तयार असू द्या, पण पेरणी सप्टेंबरमध्येच उरका. न्यू जर्सीच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो आणि वाढ जवळजवळ थांबते. त्याआधी जेवढी पानं आली, तेवढीच त्या दोन महिन्यांत खुडायला मिळतात. मेथी कडाक्यात आधी मान टाकते, ती लवकर कापून घ्या. पालक टिकतो.