इंदूरमधील एक मंगल कार्यालय: वास्तू चांगली, दरपत्रक अपुरे

भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही इंदूरमधील एक मंगल कार्यालय घेतले होते. त्याचे नाव येथे देत नाही. वास्तूला नावे ठेवायला जागा नाही: होमाचा धूर कोंडत नाही, भोजनगृहात मोठी पंगत ऐसपैस बसते आणि पहाटे स्नानाला कढत पाणी न मागता मिळते. नोकरवर्गही अदबशीर आहे.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या दरपत्रकात भाडे ६०,००० रुपये एवढेच लिहिलेले होते. बयाणा दिल्यानंतर हाती पडलेल्या छापील नियमावलीत मात्र सफाईचे ५,०००, विजेचे किमान ८,००० आणि बाहेरचा आचारी आणल्याबद्दल १२,००० रुपये निघाले. या ८५,००० वर १८ टक्के जीएसटी धरता रक्कम १,००,३०० झाली. जनरेटरच्या डिझेलबद्दल माझी तक्रार नाही, कारण वीज गेलीच नाही तर त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. सफाई नको म्हणण्याची मुभा मात्र कोणालाच नाही (आणि स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून पहिल्या येत गेलेल्या शहरात कोणी तसे म्हणेल, असेही नाही), मग ती भाड्यातच का धरू नये? आचाऱ्याच्या शुल्काचा प्रकार तर फारच मासलेवाईक आहे: कार्यालयाचा स्वतःचा आचारीच नसल्याने बाहेरचा आणण्यावाचून गत्यंतर नाही, तरीही हे शुल्क 'ऐच्छिक' या सदराखाली छापलेले आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेच्या किमतीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्यांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील तेरा प्रकारांपैकी 'ड्रिप प्रायसिंग' हा नेमका असाच आहे: किमतीचा काही भाग आधी न सांगता मागाहून पुढे करणे. ती तत्त्वे मुख्यतः ऑनलाइन व्यवहारांसाठी असल्याने कार्यालयाच्या टेबलावर ठरलेल्या सौद्याला थेट लागू पडतात, असा माझा दावा नाही. परंतु अनुचित व्यापार प्रथेविरुद्धच्या मूळ कायद्याला ती मर्यादा नाही. उपाहारगृहांनी सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावू नये, असे प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावले होते आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

हे व्यवस्थापकांपुढे मांडले, तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, "काका, पूर्ण रक्कम आधीच लिहिली तर आम्हाला फोन कोण करणार? शेजारचे तर साठच लिहिणार." त्यांची अडचण खरी असेलही, पण तिचा भुर्दंड आम्ही का सोसावा, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

अनामत रक्कम मात्र एकही रुपया न कापता परत मिळाली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. येथे कार्य करायचे असल्यास बयाण्यापूर्वीच करांसह एकूण रक्कम लेखी मागून घ्यावी. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची वेळ आलीच, तर तो कागद हाताशी असेल.