नव्या मॅपवर सात महिने: कॉक्लियर इम्प्लांट आणि सुरांची ओळख

माझ्या उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट (आवाजाचे विजेचे स्पंद करून ते थेट श्रवणाच्या मज्जातंतूंना देणारं यंत्र) बसून तीन वर्षं झाली. डाव्या कानाला खालच्या पट्टीतलं थोडं ऐकू येतं, तिथे हिअरिंग एड आहे. शांत खोलीतलं बोलणं मला पहिल्याच वर्षात नीट कळायला लागलं. सूर मात्र गेले होते. ताई ‘झालं?’ म्हणाली की ‘झालं.’ म्हणाली, हे तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागे, कारण दोन्ही सारखंच सपाट ऐकू यायचं. सात महिन्यांपूर्वी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) हट्ट धरून मी मॅप, म्हणजे कुठल्या आवाजाचे स्पंद कसे करायचे ते ठरवणारं इम्प्लांटचं सेटिंग, बदलून घेतला. हा अनुभव त्या मॅपचा आहे.

असं का होतं ते आधी सांगते, कारण मला ते कुणी समजावलं नव्हतं आणि दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. निरोगी कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० असतात. शंखाच्या तोंडाशी चढे स्वर, आत टोकाकडे खर्ज. इम्प्लांटमध्ये हे सगळं काम शंखात बसवलेल्या १२ ते २२ इलेक्ट्रोडवर (वीज देणाऱ्या टोकांवर) येतं. तेही आपापल्या हद्दीत राहत नाहीत. कॉक्लियातल्या द्रवातून वीज पसरते आणि शेजारचे मज्जातंतूही चेतवले जातात, त्यामुळे बहुतेकांना प्रत्यक्षात उपयोगी पडतात ते आठेक मार्ग. बोलण्याला तेवढे पुरतात, सुरांना नाही.

दुसरी अडचण वेळेची. ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलेल्या सीआयएस या आवाजाचे स्पंद करण्याच्या पद्धतीमुळे इम्प्लांटवरून बोलणं समजण्यात मोठी सुधारणा झाली, आणि त्याबद्दल माझ्या मनात फार कृतज्ञता आहे. पण त्या पद्धतीत कंपनसंख्यांच्या प्रत्येक पट्ट्यातल्या आवाजाचा वरवरचा चढउतार तेवढा घेतात आणि ठरलेल्या वेगाने विजेचे स्पंद पाठवतात. आतली बारीक लहर, जिच्यावर सूर उभा असतो, ती गळून जाते. माझा जुना मॅप याच जातीचा होता.

नव्या मॅपमध्ये दोन गोष्टी बदलल्या. सर्वांत आतल्या चार इलेक्ट्रोडवर स्पंद आता त्या लहरीच्या चालीने जातात. शिवाय सीटी स्कॅनवरून प्रत्येक इलेक्ट्रोड नेमका कुठे बसलाय ते मोजलं आणि त्या जागेला जुळेल अशी कंपनसंख्यांची वाटणी केली.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. सगळ्यांचे आवाज जाड झाले, ‘स’ आणि ‘श’ पुन्हा एकमेकांत मिसळले, फोन तर नकोसा झाला. जुना मॅप दुसऱ्या प्रोग्रॅमवर होता आणि बोट सारखं तिकडे जायचं. ऑडिओलॉजिस्टने बजावलं होतं की सहा आठवडे फोन सोडून कशालाही तो लावायचा नाही. मी ते पाळलं. पाचव्या आठवड्यात बोलणं पूर्वीच्या पातळीवर आलं.

सराव रोज वीस मिनिटं. मी पाठ करून बसते, ताई कीबोर्डवर दोन स्वर वाजवते, चढा कोणता ते मी सांगते. सुरुवातीला सा आणि प एवढं अंतर असलं तरच माझं उत्तर भरवशाचं असायचं. मधे एकदा निकाल अचानक सुधारला, मग लक्षात आलं की मी सूर नाही, मोठा आवाज ओळखत होते. तेव्हापासून ताई मुद्दाम एक स्वर जोरात, एक हळू दाबते. हा सराव करणाऱ्यांनी ही काळजी घ्याच, नाहीतर प्रगती खोटी निघते. आज खालच्या सप्तकात सा आणि कोमल ग वेगळे कळतात. वरच्या सप्तकात काहीच फरक नाही. स्पंदांचा वेग सेकंदाला ३०० च्या आसपास गेला की बहुतेक वापरकर्त्यांना तो आणखी चढा सूर म्हणून जाणवत नाही, त्यामुळे तिथे या मॅपकडून जास्त अपेक्षा ठेवता येत नाही. पण मोठ्या माणसांचं रोजचं बोलणं बहुतांशी त्या मर्यादेच्या आतच असतं. म्हणून ताईचं ‘झालं?’ आता पाठीमागूनही प्रश्नासारखं ऐकू येतं. पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मी उत्तर न देता तिला पुन्हा म्हणायला लावलं, चार वेळा.

सगळ्यात मोठा फायदा मात्र दोन्ही कान जुळल्याचा. पूर्वी कीबोर्डची एकच पट्टी दाबली तरी डाव्या कानात एक सूर आणि इम्प्लांटमध्ये त्याहून बराच चढा असं ऐकू यायचं, आणि दोघांचं भांडण नको म्हणून मी हिअरिंग एड काढून ठेवायचे. ऑपरेशननंतर मला तसाच सल्ला मिळाला होता. त्यात एक वर्ष वाया गेलं याचं अजून वाईट वाटतं. खालच्या स्वरांची बारीक लहर त्या उरलेल्या श्रवणातून जशी मिळते तशी कुठल्याही मॅपमधून मिळत नाही. आजही एड बंद केलं की सरावातले माझे गुण घसरतात. दुसऱ्या कानाला थोडंही ऐकू येत असेल तर तो कान सोडू नका, मॅपचं नंतर बघा.

गाण्याचं म्हणाल तर एकटा गळा आणि ठेका असेल तर चाल कुठे चढते, कुठे उतरते ते कळतं. वाद्यमेळ अजून गोंगाटच आहे.

पुढच्या मॅपिंगला सर्वांत आतल्या इलेक्ट्रोडची पातळी थोडी वाढवून मागणार आहे, कारण ताईने हळू दाबलेला खर्जाचा सा अजून निसटतो.