‘कॉइल गेली’ म्हणतील, आधी गॅप बघायला लावा

पावसाळाभर पडवीत पडलेला पेट्रोल पंपसेट दसऱ्यानंतर बाहेर काढला, दोरी ओढून ओढून हात भरून आला, तरी इंजिन चालू होत नाही. दुकानात नेलं की हात लावायच्या आधीच निदान तयार असतं: ‘कॉइल गेली.’ कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग. संध्याकाळी इंजिन चालू होऊन मिळतं आणि सोबत नव्या कॉइलचं बिल. प्रत्यक्षात अनेकदा जुनीच कॉइल सोडवून, तिच्या पायांवरचा (लोखंडी टोकांवरचा) आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाच्या, मॅग्नेटवरचा गंज पॉलिश पेपरने घासून, या दोघांमधली फट म्हणजे गॅप लावून परत बसवलेली असते. अर्ध्या तासाचं काम, आणि पैसे नव्या पार्टचे!

होंडा जीएक्स १६० या पेट्रोल इंजिनाचं उदाहरण घ्या. त्याच्या ऑइल-सेन्सर असलेल्या मॉडेलमध्ये ऑइल कमी झालं किंवा इंजिन तिरकं ठेवलं की सेन्सर ठिणगी बंद करतो. म्हणून इंजिन सपाट ठेवून आधी ऑइल बघा. मग कॉइलला येणारी बंद-स्विचची काळी वायर काढून दोरी ओढा. आता ठिणगी पडली तर कॉइल चांगली आहे. दोष वायरीत, स्विचमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. ही चाचणी तुमच्यासमोरच करायला सांगा. प्लग इंजिनच्या धातूला टेकवून धरायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते.

तरीही ठिणगी नसेल तर गॅप. या इंजिनाला ०.२ ते ०.६ मिमी चालतो, ०.४ वर लावावा. ग्रास कटरच्या इंजिनांना सहसा यापेक्षा कमी लागतो, त्यामुळे ज्याचं त्याचं पुस्तक बघा. मॅग्नेट कॉइलपासून दूर फिरवा, १० च्या पान्याने दोन्ही बोल्ट ढिले करा, मधे ०.४ ची पितळी फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पोलादी पट्टी मॅग्नेटला चिकटते आणि माप चुकतं. मग मॅग्नेट कॉइलखाली आणा. तो कॉइलला स्वतःच ओढून घेतो. तसंच दाबून दोन्ही बोल्ट आवळा, फ्लायव्हील फिरवून पट्टी काढा आणि दोन्ही पायांखाली माप पुन्हा घ्या. एका पायाखाली ०.३ आणि दुसऱ्याखाली ०.७ असेल तर कॉइल तिरकी बसली आहे.

गॅप जास्त असेल तर हाताच्या ओढीच्या वेगाला ठिणगी कमजोर पडते. फार कमी असेल तर बेअरिंगला थोडी जरी ढिलाई आली तरी फ्लायव्हील कॉइलला घासतं. दोरी उलटा झटका मारत असेल तर मात्र गॅपमागे लागू नका, फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) तुटली आहे का ते बघा.

याहून वाईट प्रकार म्हणजे तुमची चांगली कॉइल काढून ठेवतात आणि जागी हलकी, नुसत्या अंदाजाने बसवलेली कॉइल देतात. इंजिन देण्याआधी कव्हर उघडून कॉइलवर रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढा. कॉइल बदललीच, तर ठिपक्याची जुनी कॉइल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.